वाचक विचारतात : फुटबॉल की डॉक्टरकी?

मागच्या अंकात आपण पोस्टाचं 2018 चं एक तिकीट छापलं होतं, डॉ. तालिमेरेन आओ यांच्यावरचं. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल टीमचे पहिले कॅप्टन, मूळचे नागालँडचे. त्यावर नाशिककरांचे बरेच मेसेज आलेत, त्यातले तीन इथे घेतोय.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे, नीटचा क्लास कॉलेज रोडला, पण संध्याकाळ झाली की ह्याचे पाय गोल्फ क्लब ग्राउंडकडे वळतात. घरात रोज वाद. ह्याचे बाबा म्हणतात, दोन वर्षं बॉल माळ्यावर टाक. तुम्ही छापलेले आओ तर डॉक्टरही होते, मग त्यांनी दोन्ही कसं जमवलं? – एक आई, तिडके कॉलनी

उत्तर : ताई, आओंच्या घरी डॉक्टरकीचा विषय आला तोच फार दुःखातून. वडील मिशनमध्ये पाद्री होते, 1935 मध्ये टायफॉइडने गेले, आणि जाताना पोराला सांगून गेले की डॉक्टर हो, आपल्या माणसांच्या उपयोगी पड. पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाचा म्हणा ना. फुटबॉल तर लहानपणापासून अंगात होताच. मग गुवाहाटीचं कॉटन कॉलेज, तिथे महाराणा क्लबकडून खेळणं, नंतर कलकत्त्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात ॲडमिशन (आजचं आर. जी. कर) आणि तिथल्याच मोहन बागान ह्या मोठ्या क्लबकडून फुटबॉल. म्हणजे दिवसा ॲनाटॉमी आणि मॅच असली की हजारो लोकांसमोर सेंटर हाफला, म्हणजे बचावाच्या मधल्या जागी, उभं राहायचं, आणि नुसतं उभं नाही तर पुढे मोहन बागानचं कॅप्टनपदसुद्धा.

आता खरं ते सांगतो, एमबीबीएस पूर्ण व्हायला त्यांना 1950 उजाडलं, वयाच्या बत्तिशीत. मधल्या काळात 1948 चं लंडन ऑलिंपिक झालं, उद्घाटनाला वेम्बलीत तिरंगा घेऊन चालायचा मान ह्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला मिळाला. लंडनच्या आर्सेनल क्लबने त्यांना खेळायला बोलावलं होतं पण डिग्री राहील म्हणून ते परत आले, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. काही का असेना, ते परत आले आणि डॉक्टर झाले.

तेव्हा बॉल माळ्यावर टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. क्लास, अभ्यास आणि झोपेच्या वेळा त्याच्यासोबत बसून ठरवा, त्यात ग्राउंडला रोज तासभर ठेवा, परीक्षा जवळ आली की तो तास त्यालाच कमी करू द्या. आणि बारावीला खेळाचे वाढीव मार्क मिळतात म्हणून मात्र त्याला खेळवू नका. मार्कांसाठी खेळणारी मुलं मार्क मिळाले की ग्राउंड सोडतात, हे मी खूप वेळा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : आओंची ती ऑलिंपिकची टीम अनवाणी खेळली होती हे खरं का? बुटांना पैसे नव्हते का? – बारावीचा विद्यार्थी, सिडको

उत्तर : एकदम खरं. 31 जुलै 1948, लंडनजवळ इलफर्डचं ग्राउंड, समोर फ्रान्स, आणि आपले अकरापैकी आठ जण बुटांशिवाय! पैशांपेक्षा मुख्य कारण म्हणजे सवय, लहानपणापासून उघड्या पायाने बॉल कंट्रोल करणाऱ्याला बूट जड जातात. मॅच कशी गेली बघ, फ्रान्सचा गोल आधी झाला, मग सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामनने बरोबरी केली, आणि आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, दोन्ही हुकल्या! एक शैलेन मन्नांची, एक महावीर प्रसादची. शेवटी एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्रान्सने गोल मारला आणि 2-1 ने गेलो. आजही तो स्कोअर वाचला की जीव चुटपुटतो. अनवाणी का खेळता असं तिथल्या पत्रकारांनी विचारल्यावर आओ म्हणाले होते की आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता. बूट सक्तीचे झाले ते 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर, तिथल्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 हरवलं तेव्हा.

तू मात्र बूट घालूनच खेळ रे बाबा.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू, मग पुढे कोच वगैरे का नाही झाला? नाव कमावून नोकरीच केली ना शेवटी? – एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड

उत्तर : काका, तुमचा "नोकरीच" हा शब्द मला जरा लागला. कलकत्त्यात मोहन बागानच्या माजी कॅप्टनला काय कमी होतं, दवाखाना टाकला असता तर पेशंटची रांग लागली असती. ते आधी दिब्रुगडच्या मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात गेले आणि मग सरळ कोहिमाच्या सरकारी दवाखान्यात. साल साधारण 1953. नागालँड राज्य झालं 1963 मध्ये, म्हणजे राज्य व्हायच्या दहा वर्षं आधीपासून हा माणूस तिथे होता. डोंगराळ मुलूख, रस्ते नाहीत, वर सगळीकडे अशांतता. आपल्याकडे सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरून आजही पेशंटला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, त्यावरून तेव्हाच्या कोहिमाची कल्पना करा. त्यात पुन्हा आजारी माणसाला आपल्या बाजूचा, आपल्याच मुलखातला डॉक्टर भेटणं किती मोठी गोष्ट, हे पाड्यावरच्या कुठल्याही आजीला विचारा.

पुढे ते राज्याच्या आरोग्य सेवांचे डायरेक्टर झाले आणि 1978 ला रिटायर झाले. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, ऑलिंपिकच्या एका मॅचपेक्षा मला तरी ही पंचवीस वर्षं मोठी वाटतात. कोच झाले असते तर फुटबॉलचं भलं झालं असतं हे मान्य, पण वडिलांना दिलेला शब्द वेगळा होता. 1998 मध्ये ते गेले. आसाममध्ये कलियाबोरला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे, मुलं तिथे फुटबॉल खेळतात.