डोकं झाकणं आदराचं की उघडं करणं? जगभरात याचे अर्थ इतके वेगळे का?

तुम्ही विचारलंय की कुठे देवापुढे डोकं झाकतात, कुठे टोपी काढतात, मग खरा आदर कशात? या विषयावर मी बरीच वर्षं वाचत आलोय. नुसतं कापड पाहून त्याचा अर्थ लागत नाही. ते कुणासमोर घेतलंय आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे आधी बघावं लागतं.

प्राचीन रोममध्ये देवाला बळी अर्पण करताना पुरोहित अंगावरच्या वस्त्राचा काठ डोक्यावर ओढून घ्यायचा. ग्रीकांकडे तेच काम उघड्या डोक्यानं व्हायचं. बायबलमध्ये पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात पुरुषांनी प्रार्थना करताना डोकं झाकू नये, स्त्रियांनी झाकावं, असं आहे. चर्चमध्ये शिरताना पुरुष हॅट काढतात, त्याचं मूळ तिथे सापडतं. ज्यू पुरुष मात्र किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, घालतात, कारण वर देव आहे याचं भान सतत राहावं. भाव तोच, रीत उलटी.

देवाला बाजूला ठेवून राज्यकर्त्यांकडे वळलं की गोष्ट जास्त बोलकी होते. 1786 साली आजच्या अमेरिकेतलं लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होतं. गव्हर्नर एस्तेबान मिरो यानं हुकूम काढला की आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, स्त्रियांनी केस कापडात बांधूनच बाहेर पडावं. या स्त्रियांच्या केशभूषा गोऱ्या समाजाच्या डोळ्यांवर येत होत्या, आणि त्यांना त्यांची पायरी दाखवून द्यायची होती. या बांधणीला टिन्यों म्हणतात. स्त्रियांनी हुकूम पाळला, पण कसा? झगझगीत रंगांचं उंची कापड घेतलं, उंच गाठी बांधल्या, त्यात पिसं आणि दागिने खोवले. हिणवायला लादलेलं फडकं मिरवायची वस्तू झालं. पुढे सत्ता बदलली, सक्ती संपली, तरी टिन्यों बांधणं चालूच राहिलं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे.

फेझचं म्हणाल तर तीच लाल गोंडेदार टोपी शंभर वर्षांत दोन टोकांना जाऊन आली. 1829 मध्ये तुर्कस्तानचा ऑटोमन सुलतान दुसरा महमूद यानं अधिकाऱ्यांच्या पागोट्यांच्या जागी फेझ आणली, ती सुधारणेची खूण म्हणून. पूर्वी पागोट्याच्या आकारावरून माणसाचा हुद्दा कळायचा. इस्तंबूलच्या जुन्या कबरस्तानांत थडग्यांवर दगडी पागोटी कोरलेली आहेत, त्याच्या एकेका घडीसकट. फेझनं तो भेद बराचसा पुसला. तिला काठ नसल्यामुळे नमाजात कपाळ जमिनीला टेकवताना अडचणही होत नसे. आणि 1925 मध्ये तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याच्या राजवटीनं हीच फेझ मागासलेपणाची म्हणून बंद केली, काठाची हॅट आणली. विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशी झाली. डोक्यावर काय आहे यासाठी माणसं मेली, हे लक्षात ठेवायला हवं.

झाकणं हे बायकांचंच काम, असा समज असेल तर सहारातल्या तुआरेग लोकांकडे बघा. तिथे चेहरा पुरुष झाकतात, बायकांचा उघडा असतो. वयात आलेला मुलगा टागेलमुस्त बांधू लागतो. कित्येक हात लांब कापड डोक्याभोवती गुंडाळून नाकातोंडावरून घ्यायचं, डोळे तेवढे मोकळे. भारी कापडात नीळ इतकी कुटून भरलेली असते की ते चकाकतं आणि रंग गालांना लागतो. धुळीपासून संरक्षण होतंच, पण सासुरवाडीच्या माणसांसमोर किंवा वडीलधाऱ्यांसमोर कापड आणखी वर सरकवतात. तोंड दिसू देणं हाच तिथे उघडेपणा.

नामिबियातल्या हेरेरो स्त्रियांचं शिरोवस्त्र गाईच्या शिंगांसारखं आडवं पसरलेलं असतं, कारण त्यांचं सगळं जगणं गुरांभोवतीचं. शिखांच्या दस्तारीबद्दल, म्हणजे पगडीबद्दल, लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल. एवढंच सांगतो की ब्रिटनमध्ये 1976 साली खास कायदा होऊन पगडीधारी शिखांना मोटरसायकलवर हेल्मेटच्या सक्तीतून सूट मिळाली.

तुम्हाला एखाद्या अनोळखी प्रार्थनास्थळी जायचं असेल, तर दारापाशी क्षणभर थांबून आत जाणाऱ्यांकडे बघा. गुरुद्वारात रुमाल आणि बऱ्याच सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत, किप्पा पाहुण्यांसाठी दाराशीच ठेवलेले असतात. निःसंकोच घ्या, आणि निघताना घडी करून परत ठेवा.