नागपूरच्या विमानतळावर आईबाबांना घेऊन लाउंजमध्ये जावं का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन नागपूरहून बेंगळुरूला जायचंय, आईचे गुडघे दुखतात, आणि क्रेडिट कार्डावर लाउंज, म्हणजे विमानतळावरची सोफे आणि खाणंपिणं असलेली वेगळी बसायची खोली, फुकट मिळतं असं ऐकलंय. तर एवढ्याशा विमानतळावर लाउंजमध्ये जाण्यात अर्थ आहे का, आणि एका कार्डावर तिघांना सोडतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बहुतेक कार्डांवर एकालाच सोडतात. सोबतच्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आईसाठी नक्की जा, पैसे भरावे लागले तरी जा.

मी पुण्यात नोकरी करते, माहेर नागपूरचं. दर दोन-तीन महिन्यांनी सोनेगावच्या त्या विमानतळावर माझी फेरी असते. कागदोपत्री ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण आमच्या घरी अजून सगळे सोनेगावच म्हणतात. एकटी असले की मी लाउंजकडे वळत नाही. टर्मिनल आटोपशीर आहे, मुंबई-दिल्लीसारखी मैलभर पायपीट नाही. सिक्युरिटी झाली की एखादी खुर्ची बघायची, घरून आणलेला डबा खायचा, की बोर्डिंग सुरू होतंच. पोळीभाजीचा डबा देशांतर्गत प्रवासात सिक्युरिटीतून बिनदिक्कत नेता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. तेव्हा धडधाकट माणसाला तासाभरासाठी लाउंजची गरज नाही, आणि फक्त खाण्यासाठी तर मुळीच जाऊ नका. नागपुरात राहून ज्याने तर्रीपोहे खाल्लेत, त्याला तिथल्या पोह्यांत काही सापडायचं नाही.

पण म्हातारी माणसं सोबत असली की गोष्ट वेगळी. ते मला एका डिसेंबरात कळलं.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते आणि मी दोघांना पुण्याला घेऊन येत होते. संध्याकाळची फ्लाइट. सकाळी बातम्यांत दिल्लीचं धुकं दाखवत होते. मला वाटलं, दिल्लीच्या धुक्याशी आपला काय संबंध? संबंध असतो. एकच विमान दिवसभरात पाच-सहा ठिकाणी फिरतं. सकाळी ते दिल्लीला अडकलं की पुढच्या प्रत्येक गावी उशिरा पोचतं. आमचं विमान दिल्लीहूनच यायचं होतं. आधी पन्नास मिनिटं उशीर लागला, मग दीड तास, मग तीन तास. तोवर गेटपाशी तीन फ्लाइट्सची माणसं जमली होती. आईला खुर्ची मिळाली, पण पाय लांब करायला जागा नव्हती. तासाभराने ती स्वच्छतागृहात जायला उठली तेव्हा माझा दंड धरून तिसऱ्या पावलालाच थांबली. घोट्यापाशी सूज आली होती. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

मी लाउंजच्या दाराशी गेले, कार्ड दिलं आणि मशीनने ते नाकारलं. बँकेने अट बदलली होती: आधीच्या तीन महिन्यांत ५० हजार खर्च झालेला असेल तरच प्रवेश. तसा मेसेज मला आलाही असणार, रोजच्या जाहिरातींच्या गर्दीत मी तो उघडला नव्हता. मग तिघांचे पैसे विचारले. माणशी हजाराच्या वर होते.

बाबा तोवर मागे येऊन उभे राहिले होते. काउंटरवरचा दर त्यांनी वाचला आणि म्हणाले, "एवढ्यात दोन महिन्यांचं दूध येते. तुम्ही जा, मी बाहेर बसतो." छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. हट्ट नव्हता तो, त्यांना खरंच त्या काचेच्या दाराआड आपली जागा आहे असं वाटत नव्हतं. त्यांचं वाटणं अगदी चूकही नव्हतं. लाउंज ही कल्पनाच बड्या लोकांसाठी निघाली. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर पहिला असा क्लब काढला, तेव्हा तिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. पैसे भरून कुणालाही सभासद होता येणं फार नंतरचं. दारातल्या टापटिपीत, गणवेशातल्या माणसांत तो जुना रुबाब अजून उरलाय, आणि आपल्या आईबाबांच्या पिढीला तो लगेच जाणवतो.

मी आईला आत नेलं. सोफा, समोर बुटकं स्टूल, त्यावर शालीची घडी आणि त्यावर तिचा पाय. स्वच्छतागृह वीसेक पावलांवर, कोरडं, रांग नाही. तिने डाळ-भाताचे चार घास खाल्ले आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. घराबाहेर, अनोळखी माणसांत आई झोपलेली मी आयुष्यात प्रथम पाहिली. पाऊण तासाने बाहेर जाऊन बाबांना सांगितलं की तुमचेही पैसे भरलेत, आता परत मिळणार नाहीत. तेव्हा ते आले. आल्या आल्या त्यांनी आईच्या गोळीसाठी कोमट पाणी मागितलं. तिथल्या मुलाने ते काचेच्या ग्लासात, बशीवर ठेवून आणून दिलं. बाबा त्याला दोनदा धन्यवाद म्हणाले.

म्हणून सांगते, जा. फक्त आमच्यासारखं ऐनवेळी दारात उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. त्यासाठी हा व्यवहार कसा चालतो ते थोडं समजून घ्या.

नागपूरसारख्या ठिकाणचं लाउंज कुणा एका एअरलाइनचं नसतं. टर्मिनलमध्ये जागा घेऊन एखादी खासगी कंपनी ते चालवते. बिझनेस क्लासच्या प्रवाशाचे पैसे एअरलाइन त्या कंपनीला देते आणि कार्डवाल्याचे बँक देते, तेही दर माणशी, दर भेटीला. म्हणजे तुम्हाला जे फुकट वाटतं त्याचे पैसे कुणीतरी मोजत असतं. कार्डं भराभर वाटली गेली, लाउंजच्या रांगा दाराबाहेर आल्या, तशा बँकांनी अटी कडक केल्या: मागच्या तिमाहीत अमुक खर्च केलेला हवा, वर्षाला इतक्याच भेटी, काही कार्डांवरून तर सवलतच काढून घेतली. आत शिरायची पद्धतही बदलत राहते. पूर्वी बऱ्याच बँकांची लाउंजची कामं ड्रीमफोक्स नावाच्या मध्यस्थ कंपनीमार्फत व्हायची. तिने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. त्यामुळे त्याआधीचा कुणाचा व्हिडिओ बघून, कुणाचा सल्ला वाचून निघू नका. निघायच्या आठवडाभर आधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा ग्राहकसेवेला फोन करून तीनच गोष्टी विचारा: नागपूरचं लाउंज तुमच्या कार्डाच्या यादीत आहे का, खर्चाची अट तुमची पुरी झालीय का, आणि दारात कार्ड स्वाइप करायचं की ॲपमधून कूपन काढून दाखवायचं. कूपन काढायचं असेल तर घरीच काढून ठेवा. स्वाइप असेल तर कार्ड चालू आहे हे तपासायला दोन रुपयांसारखी किरकोळ रक्कम कापली जाते, तिला घाबरू नका. बोर्डिंग पासवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच हवं. वडिलांचं कार्ड घेऊन मुलगा आत, असं चालत नाही.

याच नियमाचा फायदा मात्र करून घ्या. आईबाबांची स्वतःची कार्डं बघा. पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड रुपे प्लॅटिनम (रुपे हे व्हिसासारखंच, पण भारतीय कार्ड) असेल तर काही बँका त्यावर देशांतर्गत लाउंज भेट देतात, आणि वर्षानुवर्षं ती कुणी वापरत नाही. तुमच्या क्रेडिट कार्डावर आईसाठी ॲड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं तिच्या नावाचं जोडकार्ड, काढता येतं. त्यावर वेगळी भेट मिळते की तुमच्याच कोट्यातून जाते, ते बँकेगणिक बदलतं, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. एवढं करून एकाचे पैसे भरावे लागले, तर भरा.

आता आईच्या गुडघ्यांचं. तिकिटात व्हीलचेअर आधीच नोंदवा. विमानतळावर मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते. आईला घेऊन मेट्रोने जायच्या भानगडीत पडू नका. एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, तिथून टर्मिनल बरंच आत. गाडी सरळ दारापर्यंत न्या. चेक-इनलाच व्हीलचेअरवाल्या माणसाला सांगा की सिक्युरिटीनंतर लाउंजमध्ये सोडा, आणि परत किती वाजता न्यायला येणार ते त्याच्याकडून नीट ठरवून घ्या. लहान विमानतळावर ही मोजकीच माणसं असतात. दोन फ्लाइट्स एकदम लागल्या की त्यांची फार ओढाताण होते, त्यामुळे बोर्डिंगच्या दहा मिनिटं आधीची वेळ ठरवा. आत घोषणा ऐकू येतीलच असं धरून चालू नका. सोफ्यावर बसलं की वेळेचं भान राहत नाही, आणि गेट साधारण सुटण्याच्या पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. मी फोनवर गजर लावते.

फार लवकर आत जाऊ नका. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांची मुदत असते आणि ती आत शिरल्यापासून मोजतात. विमानाला उशीर होतोय असं दिसलं तर सुरुवातीचा वेळ बाहेर काढा आणि पाय दुखायला लागायच्या वेळेला आत जा. आणखी एक गोष्ट उशिराच्या दिवशी कुणी आपणहून सांगत नाही: नागपूर–बेंगळुरूसारख्या, अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर एअरलाइनने प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. काउंटरवर जाऊन शांतपणे मागा. लाउंजचे पैसे त्यातून सुटत नाहीत, पण लाउंज भरलेलं असलं तर आईबाबांच्या हातात निदान गरम काहीतरी पडेल.

बाबांचं विचाराल, तर त्यांना दर वाचायची वेळच येऊ देऊ नका. आधी तुम्ही पुढे व्हा, सगळं उरका, मग त्यांना बोलवा. मी पुढच्या खेपेला याहून बरं केलं. त्यांच्या पेन्शनच्या कार्डावर एक भेट आहे हे बँकेतून विचारून ठेवलं आणि दाराशी गेल्यावर म्हटलं, "बाबा, तुमचं कार्ड द्या." त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं, पिन हाताआड धरून दाबला, मशीनमधून दोन रुपयांची पावती आली. बाबांनी ती नीट वाचली, घडी घालून खिशातल्या डायरीत ठेवली आणि आईला म्हणाले, "चल, आत बसू."