वारीत काढलेला फोटो समोरच्याने पुसायला सांगितला, तर पुसावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की दिंडीतल्या एका माउलींनी तुम्हाला फोटो पुसायला लावला, आणि रस्ता तर सार्वजनिक होता. मी बरीच वर्षं वारीत फोटो काढतो, म्हणून सांगतो.

रस्त्यावरच्या साध्या फोटोसाठी आधी परवानगी घ्या, असं सांगणारा सरसकट कायदा भारतात नाही. दिवे घाट चढणारी दिंडी, फुगडी, रिंगण खुशाल काढा. नुसतं कुणी म्हटलं म्हणून फोटो पुसायची कायदेशीर सक्तीही नाही.

पण ‘सार्वजनिक जागा, मग काहीही टिपू’ हे साफ चूक. पहाटे चंद्रभागेवर बायका अंघोळ करतात, लुगड्याचाच आडोसा धरून कपडे बदलतात. तिथे लांब लेन्स रोखून बसलेले लोक दिसले की माझं डोकं फिरतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई नेमकं यासाठी आहे. उघड्या किंवा फक्त अंतर्वस्त्रांतल्या खाजगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय मुद्दाम काढला, पाठवला किंवा छापला, तर ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस खाजगी जागेत होता की सार्वजनिक, याने फरक पडत नाही, हे कलमातच लिहिलंय. पुरुषांनाही ते लागू आहे. शिवाय स्त्रियांना चोरून पाहण्या-टिपण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतलं ३५४-सी.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्या. चंद्रचूड यांनी लिहिलंय की केवळ सार्वजनिक जागी आहे म्हणून माणसाचा खाजगीपणा संपत नाही. आणि फोटो जाहिरातीत वापरणार असाल तर संमती घ्याच. १९९४ च्या राजगोपाल खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं तेच आहे.

त्या माउलींचा फोटो मात्र मी पुसला असता. वाखरीच्या तळावर एक आजी भेगाळलेल्या टाचांना तेल लावत होत्या. मी फोटो काढला आणि त्यांना दाखवला. ‘‘पाय नको रे बाबा, तोंडाचा काढ,’’ म्हणाल्या. टाचांचा फोटो फार चांगला आला होता. तो त्यांच्यासमोरच पुसला. मग त्यांनी पदर नीट केला, बुक्का ठीक केला आणि म्हणाल्या, ‘‘हं, आता काढ.’’