वाचकांचे प्रश्न : वीस माणसांची मिसळ आणि गॅसपाशी अडकलेली यजमानीण

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. महिन्यातून एका रविवारी सकाळी दीर-जाऊ, नणंदेचे कुटुंब आणि यजमानांचे दोन मित्र सहकुटुंब आमच्याकडे मिसळ खायला येतात. लहानमोठी मिळून वीस माणसे होतात. मात्र तर्री कधी छान वर येते, तर कधी रश्शातच विरून जाते. थंडीत मटकीला धड मोड येत नाहीत. सर्वांत त्रासाची गोष्ट म्हणजे मंडळी गप्पा मारत खात असताना मी गॅसपाशी उभी असते आणि मी बसते तेव्हा सगळे हात धुऊन मोकळे झालेले असतात. सासूबाई म्हणतात, बाहेरून मागवा. मला ते पटत नाही. काय करावे?

उत्तर : आपली शेवटची तक्रार मी आधी घेते, कारण बाकीच्या दोहोंचे उत्तर बरेचसे तिच्यातच आहे. मिसळ हा जुळणीचा पदार्थ आहे. उसळ, रस्सा, तर्री, फरसाण, कांदा-कोथिंबीर आणि पाव हे सगळे वेगवेगळे तयार होते आणि ताटलीतच एकत्र येते. त्यामुळे घरच्या बाईने पाहुण्यांच्या पंगतीत बसून खावे, असा बेत करायचा झाला तर मिसळीइतका सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही. पुऱ्या किंवा भजी यांचे तसे नाही. तिथे कोणीतरी कढईपाशी उभे राहावेच लागते. आपल्याकडे मिसळीची गत पुऱ्यांसारखी झाली आहे, कारण निम्मे काम रविवारी सकाळी सुरू होत असावे. ते शनिवारी रात्रीच संपले पाहिजे.

मटकीपासून सुरुवात करू. वीस जणांना पाऊण ते एक किलो कोरडी मटकी पुरते. मोड आल्यावर ती दुपटीहून अधिक होते. उन्हाळ्यात शुक्रवारी सकाळी भिजत घातली आणि संध्याकाळी बांधली, तर शनिवारी दुपारपर्यंत मोड येतात. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत मात्र गुरुवारी रात्रीच कोमट पाण्यात भिजत घालावी. मोड न येण्याचे कारण बहुधा थंडीच असते, परंतु पुरचुंडी बांधण्याची पद्धतही पाहावी. पाणी पुरते न निथळता घट्ट गाठ मारली की आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही, ते चिकट होतात आणि त्यांना वास येतो. बाहेरून मोड दिसतात आणि आत हात घातला की बुळबुळीत लागते. म्हणून मटकी चाळणीत दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यावी, ओल्या सुती फडक्यात सैल बांधावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवून तो डबा जुन्या शालीत किंवा गोधडीत गुंडाळावा. दिवसातून एकदा गाठ सोडून मटकी वरखाली करावी. शिजवताना कुकर टाळावा, कारण एका शिट्टीचा फरक पडला तरी मटकीचा लगदा होतो. उघड्या पातेल्यात हळद-मीठ घालून दाणा बोटांत दबेल इतपतच शिजवावी. टोमॅटो किंवा चिंच घालायची असल्यास मटकी शिजल्यानंतरच घालावी. आंबट आधी पडले की कडधान्य दांडरते आणि मग कितीही उकळले तरी मऊ होत नाही. येणाऱ्यांत वृद्ध, गरोदर स्त्रिया किंवा लहान मुले असतील, तर वरून कच्चे मोड भुरभुरण्याची हौस मात्र आवरावी, कारण कच्च्या मोडांत जंतू वाढण्याचा धोका असतो आणि तो शिजवल्यानेच जातो.

आता तर्रीविषयी. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तर्रीचे सारे गणित यावर आहे. तेल अगदी कडक तापलेले असताना त्यात तिखट टाकले तर ते करपते आणि तर्री काळपट व कडू होते. तेल तापवून गॅस बंद करावा, अर्धे मिनिट थांबावे आणि मगच तिखट घालावे. तळाशी बुडबुडे येतात, वास सुटतो आणि तेल क्षणात लालबुंद होते. रंगासाठी ब्याडगी आणि झणझणीतपणासाठी लवंगी, अशी दोन तिखटे मिसळली की दोन्ही साधते. तर्री रश्शात विरण्याचे कारण दुसरेच आहे. वाटण कच्चे राहिले आणि रस्सा जोरात खळखळत ठेवला, की कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात तेल घुसळले जाते व पुन्हा वर येत नाही. सहा-सात लिटर रश्शाला साधारण एक किलो कांदा आणि पाव किलो सुके खोबरे घ्यावे, दोन्ही खरपूस भाजून वाटावे आणि वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. यात घाई करू नये. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यात मिळणाऱ्या लाल कांद्यात पाणी अधिक असते, त्यामुळे कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यापेक्षा तो परतायला बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळाची तयारी ठेवावी. रश्शाला एक उकळी आली की आच मंद करावी आणि वाढण्यापूर्वी दहा मिनिटे तो अजिबात ढवळू नये.

माझे मत विचाराल, तर निम्मी तर्री रश्शात घालूच नये. ती वेगळ्या वाडग्यात ठेवावी. त्यामुळे मुलांना सौम्य रस्सा मिळतो, तर्रीबाजांना हवी तितकी तर्री घेता येते आणि ‘वहिनी, जरा तर्री’ अशा हाका बंद होतात. त्या हाकाच आपल्याला पुन्हा पुन्हा ओट्याकडे नेतात.

शनिवारी रात्री रस्सा तयार झाल्यावर तो मोठ्या पातेल्यात तसाच ओट्यावर ठेवू नये. मोठे पातेले निवायला कित्येक तास लागतात आणि त्या कोमटपणात रस्सा विटतो, विशेषतः ओले खोबरे घातले असेल तर. दोन-तीन पसरट भांड्यांत तो वाटून घ्यावा, ती पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावीत आणि निवल्याबरोबर, फार तर दोन तासांच्या आत, फ्रिजमध्ये ठेवावीत. रविवारी सकाळी खळखळून उकळी आणली की झाले. कांदा चिरणे मात्र सकाळीच करावे. रात्री चिरलेल्या कांद्याला उग्र वास येतो.

वाढपाची व्यवस्था आपण कशी करता हे आपण लिहिलेले नाही, परंतु अंदाज येतो. पातेले ओट्यावरच असते, नाही का? ते जेवणाच्या टेबलावर किंवा शेजारच्या तिपाईवर आणावे, त्यात ओगराळे ठेवावे आणि पहिला हात सोडून ज्याने त्याने आपले वाढून घ्यावे. माणशी तीन पाव धरावेत. ते सकाळी बेकरीतून आणण्याची आणि फडक्यात गुंडाळून ठेवण्याची जबाबदारी यजमानांकडे किंवा दिरांकडे द्यावी. राहता राहिल्या सासूबाई. त्यांचा ‘बाहेरून मागवा’ हा सल्ला मला कुरकुर वाटत नाही. सुनेची दमछाक त्यांनाही दिसत असणार. शनिवारी वाटण परतायला त्यांना बोलवावे आणि मसाल्याचे प्रमाण त्यांच्याच हाती सोपवावे. काळा मसाला किती पडावा, हे त्या वासावरून सांगतील.

प्रश्न : इंदिरानगरमधील आमच्या भिशीत दहा जणी आहोत. पूर्वी चहा-पोह्यांवर भागत असे. आता जिच्या घरी भिशी असेल तिने आधीच्या बाईपेक्षा एक पदार्थ जास्त करायचा, असे होऊन बसले आहे. मागच्या वेळी सात पदार्थ होते आणि निम्मे उरले. कोणी पुढाकार घेऊन थांबवायचे?

उत्तर : पुढची भिशी जिच्याकडे आहे तिने. सूचना किंवा ठराव केल्यास आधी सात पदार्थ करणारीला तो टोमणा वाटेल, म्हणून बोलू नये, करून दाखवावे. एकच भरपेट पदार्थ ठेवावा: थालीपीठ आणि लोणी, किंवा हुलग्याची शेंगोळी. शेंगोळी तर सगळ्यांनी मिळून वळायची असतात; पीठ मळून परात मध्ये ठेवली की दहा जणींचे हात आपोआप चालू लागतात आणि गप्पांनाही वेगळा वेळ काढावा लागत नाही. उरलेल्या अन्नाविषयी एवढेच सांगते की भात, पुलाव यांसारखे पदार्थ दुपारभर बाहेर राहिले असतील तर ते डब्यात भरून देऊ नयेत. भातातील काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही.

प्रश्न : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरची बारा माणसे पंचवटीतील आमच्या घरी जेवायला आहेत. खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आमरस असा बेत आहे. पुरण आदल्या दिवशी केले तर चालेल का? आमरस काळा पडू नये म्हणून काय करावे?

उत्तर : पुरण आदल्या दिवशी अवश्य करावे, उलथणे उभे राहील इतके ते आटवावे आणि निववून फ्रिजमध्ये ठेवावे. गूळ मात्र डाळ पूर्ण शिजल्यानंतरच घालावा, कारण गूळ पडल्यावर डाळ पुढे मऊ होत नाही. निथळलेला कटही झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याची आमटी होते. कणीक मात्र त्याच दिवशी भिजवावी. आमरस हवेशी संबंध आल्यामुळे काळवंडतो, म्हणून भांडे काठोकाठ भरून, रसाला टेकेल अशी ताटली ठेवून ते थंड जागी ठेवावे आणि दूध घालायचे असल्यास वाढतेवेळीच घालावे.

मांडे करायला दोघी हव्यात: एक हातावर मांडा वाढवणारी आणि दुसरी खापर सांभाळणारी. सहा-सहा जणांच्या दोन पंगती कराव्यात आणि पहिली पंगत उठली की या दोघींनी दुसरीत बसावे. तोपर्यंत जेवून उठलेल्यांपैकी जिला मांडा हातावर वाढवता येतो तिने त्यांची जागा घ्यावी. मधल्या वेळात खापर चुलीवरून उतरवू नये, कारण निवलेले खापर पुन्हा सारखे तापायला बराच वेळ लागतो.