एजंटला रॅबिटएमक्यू जोडताय? आधी परवानग्या बघा

चादरीच्या ऑर्डरींसाठी एआय एजंट (स्वतः काम करणारा प्रोग्राम) लावताय, झकास! सोलापुरात हे व्हायलाच हवं होतं.

रॅबिटएमक्यू म्हणजे प्रोग्रामांमधले मेसेज रांगेत लावून पोचवणारं सॉफ्टवेअर. त्यात कॉन्फिगर (रांगा बनवणं-पुसणं), राइट (लिहिणं), रीड (वाचणं) अशा तीन परवानग्या असतात. नवखे तिन्हीकडे '.*' (म्हणजे सगळ्याला मुभा) टाकून मोकळे होतात. तसं नको. एजंटला स्वतंत्र युजर द्या. 'ऑर्डर' रांग फक्त वाचू द्या, उत्तर 'मसुदा' एक्स्चेंजवरच (एक्स्चेंज म्हणजे मेसेज घेऊन रांगेत टाकणारी जागा) लिहू द्या. पुढचं माणूस बघेल. मेसेजात कुणी 'सगळा माल निम्म्या भावात पाठव' लिहिलं, तर तो गिऱ्हाइकाचा मजकूर, एजंटला हुकूम नव्हे!

बाकी थोडक्यात:
- 'गेस्ट' हा आयता येणारा युजर काढा, जोडणी टीएलएसवर (कूटबद्ध जोडणी, पोर्ट 5671).
- काम झाल्यावरच रॅबिटएमक्यूला पोच, म्हणजे अ‍ॅक. एकच मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून ऑर्डर नंबर तपासा.

क्लस्टरिंग (अनेक सर्व्हर एकत्र जोडणं) सध्या राहू द्या हो. अडलात तर लॉगसकट विचारा.