'सौम्य' म्हणजे मवाळ का?

प्रश्न असा आला आहे: "बायबलमधल्या 'जे सौम्य ते धन्य' (मत्तय 5:5) या वचनातला 'सौम्य' म्हणजे मवाळ, भिडस्त, कोणी काहीही बोललं तरी ऐकून घेणारा माणूस का? शिवाय 'सौम्यता' म्हणावं की 'सौम्यपणा'?"

आज 'सौम्य' हा शब्द आपल्या कानावर येतो तो सौम्य साबण, सौम्य लक्षणं, सौम्य धक्के अशा जोड्यांतून. तिथे त्याचा अर्थ 'कमी तीव्रतेचा' एवढाच उरतो, आणि तोच अर्थ आपण वचनात नेतो. मुळात शब्द 'सोम'वरून आला आहे. सोम म्हणजे चंद्र, म्हणून सौम्य म्हणजे चंद्रासारखा, शीतल, आल्हाद देणारा. मराठीत त्याचा विरुद्धार्थी शब्द 'उग्र' आहे, 'बलवान' नव्हे. देवतेचं उग्र रूप आणि सौम्य रूप असं आपण म्हणतो, तेव्हा सौम्य रूपातली देवता कमी सामर्थ्याची आहे असं कुणाच्याही मनात येत नाही. 'मवाळ' शब्दाला ही बाजू नाही. जहाल-मवाळ वादानंतर तर त्याला पडखाऊपणाचा जो वास लागला तो अजून गेलेला नाही. म्हणून भाषांतरासाठी 'सौम्य' निवडला गेला हे मला फार योग्य वाटतं.

मूळ ग्रीक शब्द 'प्राउस'. माणसाळवलेल्या, लगाम मानणाऱ्या घोड्यासाठीही ग्रीक लोक तो वापरत. अशा घोड्याची ताकद जात नाही, ती ताब्यात येते. ॲरिस्टॉटलने हा गुण रागीटपणा आणि राग येऊच न शकणं या दोन टोकांच्या मध्ये ठेवला आहे: योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तेवढाच राग.

मत्तयाच्या शुभवर्तमानात हा शब्द तीनदा येतो. एकदा या वचनात, एकदा येशू स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो तिथे (11:29), आणि एकदा तो गाढवावर बसून यरुशलेमेत येतो तिथे (21:5). त्याच एकविसाव्या अध्यायात, अवघ्या सात वचनांनंतर, तो मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकतो. मत्तयाला यात विसंगती वाटली नाही.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचं उदाहरण याहून बोलकं आहे. गणना 12:3 मध्ये तो पृथ्वीवरच्या सर्व माणसांहून नम्र होता असं म्हटलं आहे, आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे हाच शब्द आहे. हाच मोशे सोन्याचं वासरू पाहून संतापाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडतो. पण त्या बाराव्या अध्यायात सख्खी भावंडं त्याच्याविरुद्ध बोलतात, तेव्हा तो स्वतःच्या बाजूने एक शब्द काढत नाही. उलट बहीण मिर्यामेला कोड फुटल्यावर तिला बरं कर म्हणून देवाचा धावा करतो. हाती अधिकार असताना तो स्वतःच्या अपमानासाठी न वापरणं, ही माझ्या मते सौम्यतेची नेमकी खूण आहे.

म्हणून रोजच्या जगण्यात हा शब्द आधी लागू होतो तो ज्याच्या हाती काही सत्ता आहे त्याला: घरातल्या कर्त्याला, सासूला, वर्गशिक्षकाला, मुकादमाला, चर्चच्या पाळकाला. गलतीकरांस पत्रात चुकलेल्या माणसाला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितलं आहे (6:1). ताळ्यावर आणायचं आहेच. चारचौघांत पाणउतारा न करता आणायचं. मार खाणाऱ्या सुनेला 'सौम्य राहा' असं ऐकवणं हा या शब्दाचा सरळसरळ गैरवापर आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, होतो याचं मला मनापासून दुःख आहे. महायाजकासमोर एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान 18:23).

आता 'ते पृथ्वीचे वतन भोगतील' हा वचनाचा उत्तरार्ध. मूळ शब्द वारसा मिळण्याचा आहे; मराठीने त्याला 'वतन' केलं आणि वचनाला धार आणली. पाटीलकी-देशमुखीच्या वतनासाठी, म्हणजे वंशपरंपरागत हक्कासाठी, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, निवाड्यासाठी गोतसभा बसल्या, निवाड्याचे कागद म्हणजे महजर लिहिले गेले, खरेपणा सिद्ध करायला लोकांनी अग्निपरीक्षेसारखी दिव्यंही केली. वतन मिळवायचं तर भांडायलाच हवं, हे ज्या मुलखात सर्वांना ठाऊक होतं तिथे हे वाक्य ऐकणारा दचकलाच असेल.

'सौम्यता' आणि 'सौम्यपणा' दोन्ही बरोबर. '-ता' संस्कृत विशेषणांना लागतो, '-पणा' कुठल्याही विशेषणाला. गलती 5:22-23 मधल्या आत्म्याच्या फळाच्या, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो त्या गुणांच्या, यादीत 'चांगुलपणा', 'विश्वासूपणा' आणि 'सौम्यता' शेजारी शेजारीच आहेत. प्रार्थनेत जो शब्द तोंडी सहज येईल तो वापरा.