व्हिडिओ गेमच्या इतिहासातील १९९८

प्रश्न : व्हिडिओ गेमच्या इतिहासात १९९८ या वर्षाचा उल्लेख वारंवार का केला जातो?

उत्तर : त्या एका वर्षात निरनिराळ्या प्रकारच्या गेमची घडणच बदलली. पूर्वीच्या बहुतेक नेमबाजीच्या गेममध्ये कथा दोन टप्प्यांच्या मध्ये सांगण्यापुरती असे. ‘हाफ-लाइफ’मध्ये मात्र ती नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांसमोर, खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रण बहुतांशी काढून न घेता उलगडत जाते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’ने त्रिमितीय जगातील एक अवघड अडचण सोडवली. बटण दाबताच कॅमेरा आणि नायक दोघेही समोरच्या शत्रूवर स्थिरावतात, त्यामुळे खेळणाऱ्याला लढताना दिशा सांभाळत बसावे लागत नाही. माझ्या मते त्या वर्षातील सर्वांत दूरगामी कल्पना हीच, कारण पुढील असंख्य साहसी गेमनी ती स्वीकारली. ‘स्टारक्राफ्ट’ या युद्धनीतीच्या गेमने परस्परांहून अगदी भिन्न अशा तीन पक्षांत समतोल साधला, तर ‘थीफ’ने लढण्याऐवजी अंधारात लपणे आणि पावलांचा आवाज ऐकणे यांनाच खेळाचे रूप दिले. सीडीची मोठी साठवणक्षमता आणि संगणकांत आलेली त्रिमितीय ग्राफिक्स कार्डे यांचा या बहरात मोठा वाटा होता. ‘ऑकारिना’ मात्र सीडीऐवजी अवघ्या ३२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमयंत्रात बसवायच्या चिपच्या डबीत, सामावली होती, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.